फुई, हे मायला कसं सांगू?

मैत्रिणींनो, मे महिना लागला की आमच्या जळगावात गच्चीला भाव येतो. पापड, कुरडया, शेवया आणि अर्थातच बिबड्या! खानदेशाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, कांडायची, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि उन्हं वर यायच्या आत गच्चीवर ओल्या हाताने थापायचा. पंचेचाळीस अंशांचं ऊन आम्हाला फुकट मिळतं, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यायचा.

२०२५ च्या मे महिन्यात मी अशीच वहिनीच्या गच्चीवर मदतीला गेले होते. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं. भाऊ-वहिनी वीस वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी जळगावला आले आणि चटईच्या धंद्यात लागले. भाऊ कारखान्यात, वहिनी घरी बसून चटईच्या काठाला पट्टी शिवते, नगावर पैसे. तेव्हा तिच्या गच्चीवर चटईला काय तोटा! खाली चटई, तिच्यावर जुनी सुती साडी आणि साडीवर बिबड्या. संध्याकाळी वाळलेल्या बिबड्या सोडवायला घेतल्या, तर साडीच्या खालून निळा भुगा झडायला लागला. चटई नुसती हात लावला तरी तुटत होती. दोन उन्हाळे गच्चीवर पडून होती, एवढंच. साडी जिथे विरली होती, तिथल्या बिबड्यांच्या पाठीलाही तो निळा भुगा चिकटला होता. वहिनीने त्या बाजूला काढल्या आणि लेकीला विचारलं, "हाई चटईना उनमा भुगा काबरं व्हस वं?"

प्रश्न साधा होता, आणि विचारला होता अगदी योग्य माणसाला. माझी भाची एम.एस्सी. करते आहे, रसायनशास्त्रात, आणि तिचा आवडता भाग म्हणजे पॉलिमर. प्लास्टिकचंच शास्त्र की! ती पटकन म्हणाली, "फोटो-ऑक्सिडेटिव्ह डिग्रेडेशन, माय."

"ते काय ऱ्हास?"

भाची गप्प. तोंड उघडलं, मिटलं. वहिनी काही रागाने बोलली नाही, पण बोलली ते लागलंच पोरीला. "इतलं शिकीसन बी तुले सांगता येत नही?"

रात्री पोरगी माझ्याजवळ येऊन रडली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. म्हणाली, "फुई, मला येतंय गं सगळं. पेपरात चार पानं लिहीन. पण हे मायला कसं सांगू?"

मी आर्ट्सची पदवीधर. केमिस्ट्रीशी माझा संबंध दहावीत संपला. पण बचत गटाच्या कामात पंधरा वर्षं घातल्यावर एक कळतं. एखादी बाई गप्प बसते तेव्हा तिला येत नसतं असं नाही, तिला शब्द मिळत नसतो. माझ्या भाचीचंही तेच झालं होतं आणि ते आजचं नव्हतं.

जरा मागे जाऊन सांगते. २०२० साली मार्चमध्ये सगळं बंद झालं. त्या वर्षी भाची बारावी होऊन बी.एस्सी.ला लागली आणि तिचा धाकटा भाऊ पाचवीत गेला. घरात स्मार्टफोन एक. सकाळी त्यावर धाकट्याची शाळा, मग हिचं कॉलेज. रेंज फक्त गच्चीत, पाण्याच्या टाकीजवळ. कानात वायर घालून ही पोर त्या टाकीच्या सावलीत बसायची. सर स्क्रीनवर इंग्रजीत बोलत आहेत, मध्येच आवाज तुटतोय, आणि "एनी डाउट?" विचारल्यावर साठ जणांची साठ तोंडं बंद! मी एकदा तिच्या शेजारी बसून पाहिलं. वर्गात निदान मागच्या बाकावरची मैत्रीण कानात मराठीत सांगते. इथे तीही नाही.

पहिलं वर्ष निघालं, कारण परीक्षाही घरातूनच होती. पुढच्या वर्षी परीक्षा वर्गात बसून झाली आणि हिचे दोन विषय राहिले. एक वर्ष वाया. भाऊ म्हणाला, "बस झालं, मशीनवर बसव तिला आईबरोबर." स्थळंही यायला लागली होती. आमच्या दोघी-तिघींच्या हट्टाने ते टळलं, पण पोरीच्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच, की आपण ढ आहोत.

ढ नव्हतीच. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली हुशार मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि एका उन्हाळ्यात तिचे सगळे शब्द बदलतात. रेणूचं मॉलिक्यूल होतं, मूलकाचं रॅडिकल होतं. सासरी आलेल्या सुनेचं नाव बदलावं तसं! हाक मारली तरी कळत नाही की आपल्यालाच मारली.

त्या रडण्याच्या रात्री गंमत झाली. धाकट्याची दहावीची नवी पुस्तकं नुकतीच आणलेली. तो आमचं बोलणं ऐकत होता. म्हणाला, "पॉलिमर म्हणजे बहुवारिक ना? हे तर आमच्या पुस्तकात आहे." आणि बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक उघडून त्याने 'कार्बनी संयुगे' हा धडा समोर धरला. महारेणू, बहुवारिक, एकवारिक... पॉलिथिलीन, पीव्हीसी, पॉलिप्रोपिलीन, सगळी मंडळी हजर. ही म्हणजे काय, तर एकच छोटा घटक पुन्हा पुन्हा जोडून केलेली लांबच लांब साखळी. 'वारिक' वाचून मला तरी 'वारंवार' आठवलं.

भाचीने तो धडा रात्री बसून वाचला. एम.एस्सी.ची मुलगी, दहावीचं पुस्तक! मला वाटलं लाजेल. पण ती हसत होती.

मग मलाही नाद लागला. मराठी विश्वकोश उघडला, तर त्यात 'बहुवारिके' नावाची नोंदच आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, त्या विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे! १९०१ साली तिथे जन्मले, वाईला जाऊन संस्कृत शिकले, आणि त्यांच्या देखरेखीखाली १९७६ पासून हे खंड यायला लागले. एका संस्कृत पंडिताने रसायनशास्त्राच्या नोंदी मराठीत लिहवून घेतल्या, आणि आपल्याकडची पोरं बी.एस्सी.ला नापास होतात शब्द कळत नाही म्हणून. हे खंड आता मोबाइलवरही फुकट वाचता येतात. मी स्वतः मागच्या वर्षीपर्यंत एकदाही उघडले नव्हते, कबूल करते.

धुळ्याचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा शेवट धुळ्यात झाला, १९२६ च्या ३१ डिसेंबरला. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांना आपण इतिहासासाठी ओळखतो, पण मराठी धातू, शब्दांची मुळं, याचाही त्यांनी डोंगर उपसला होता. एकेक शब्द कुठून आला, कसा वळला, हे टिपून ठेवलं. लहानपणी मी त्या वास्तूवरून कितीदा गेले असेन. आत जुनी कागदपत्रं आहेत एवढंच माहीत होतं. भाषेचंही संशोधन असतं आणि त्याचा एखाद्या पोरीच्या रिझल्टशी संबंध असू शकतो, हे कोणी सांगितलंच नाही.

आता मुंबईकडे वळते, कारण भाचीला पुन्हा उभं करायला जे कामी आलं ते तिथून आलं. नापास झालेल्या वर्षी तिला कोणीतरी 'स्पोकन ट्युटोरियल' दाखवलं. पवईच्या आयआयटी मुंबईचा हा प्रकल्प. तो उभा करणारे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य हे केमिकल इंजिनिअरिंगचे. म्हणजे हा माणूस मूळचा रसायनाच्या घरातला, आणि काम करायला लागला शिकवण्यावर आणि भाषेवर! केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मोहिमेतून त्याला पैसा मिळाला. दहा मिनिटांच्या आसपासचे छोटे छोटे धडे. कॉम्प्युटरचा पडदा दिसतो आणि मागून आवाज सांगतो, इथे क्लिक करा, हे असं दिसेल. धडा थांबवायचा, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं, पुन्हा पुढे जायचं.

यातली खुबी मला फार आवडली. पडद्यावरचं इंग्रजी तसंच ठेवतात, फक्त समजावण्याचा आवाज मराठी, गुजराती, तमिळ असा बदलतात. कारण उद्या नोकरीत पडदा इंग्रजीच असणार, तो बघायची सवय हवी. पण समजून घ्यायला आपली भाषा हवी. बाईला बँकेचा फॉर्म इंग्रजीत भरावा लागतो ना, पण शेजारी बसून सांगणारी आपली असली की ती भरते. अगदी तसंच. आणि धडा तयार झाल्यावर तो त्या विषयातल्या जाणकाराला दाखवतात तसा काहीच येत नसलेल्या नवख्यालाही दाखवतात. त्याला कळला तरच पास! आमच्या सरकारी पत्रकांना हा नियम लावला तर किती पत्रकं पास होतील, देव जाणे.

त्यात रेणूचं चित्र काढायच्या आणि रेणू पडद्यावर फिरवून बघायच्या मोफत सॉफ्टवेअरचे धडे आहेत. भाचीने मला एक रेणू फिरवून दाखवला, रंगीत मण्यांचा. ती म्हणाली, "फुई, इतकी वर्षं मी हे पुस्तकात काड्या-काड्यांचं बघत होते. हे असं जागेत उभं असतं हे मला माहीतच नव्हतं." ऑनलाइन शिक्षणाला मी २०२० मध्ये खूप शिव्या घातल्या आहेत, त्यातल्या निम्म्या परत घेते. टाकीजवळचा तो वर्ग शिकवणं नव्हतंच, फळा उचलून फोनमध्ये ठेवला होता इतकंच. शिकणारी घरात एकटी आहे हे धरून जे रचलेलं असतं ते वेगळं. सर रागावत नाहीत, तीच गोष्ट दहादा सांगतात, आणि भाजीला फोडणी टाकायची असेल तर थांबतातही. याच प्रकल्पात आहार आणि स्तनपानावरचेही धडे आहेत. बाळाला छातीशी कसं धरायचं, ते नीट दाखवलेलं. आमच्या वस्तीतल्या ओल्या बाळंतिणीला मी ते मराठीतून ऐकवले आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

मग तुम्ही म्हणाल, आता तर फोनच भाषांतर करतो, मग अडलं कुठे? आम्हीही तेच केलं. भाचीच्या इंग्रजी नोट्सचा फोटो काढला आणि फोनला सांगितलं, कर मराठी. 'फ्री रॅडिकल' हा शब्द होता. खरा मराठी शब्द 'मुक्त मूलक'. आमच्या फोनने दिला, 'मुक्त कट्टरपंथी'! पुढे प्लास्टिकच्या 'फटीग'चं केलं 'प्लास्टिकचा थकवा'. वहिनी पोट धरून हसली. म्हणाली, थकतंच असेल बिचारं, उन्हात दिवसभर पडून असतं.

हसण्यावारी नेलं, पण हे असं का होतं ते समजून घेतलं तेव्हा पटलं. मशीन भाषा कशी शिकतं? मी धुळ्याहून जळगावला सून म्हणून आले तेव्हा शिकले तशी. माझी अहिराणी, सासरची बोली लेवा गणबोली. सासूबाई एक शब्द बोलायच्या, हाताने वस्तू दाखवायच्या, आणि माझ्या डोक्यात जोडी लागायची. अशा हजारो जोड्या लागल्या तेव्हा मी त्या घराची झाले. मशीनलाही तीच गोष्ट दोन्ही भाषांत लिहिलेली अशी लाखो वाक्यं लागतात. निवडणुकीच्या बातम्या मराठीत ढिगाने आहेत, म्हणून त्याला कट्टरपंथी माहीत. रसायनशास्त्र मराठीत कमी लिहिलं गेलं, म्हणून मूलक माहीत नाही. दोष मशीनचा थोडा, आपला जास्त.

यावर काम चाललंय बरं का. आयआयटी मुंबईतच प्रा. पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीचं 'वर्डनेट' केलं. साधा शब्दकोश नव्हे, कोणता शब्द कोणाचा सगासोयरा हे मशीनला समजेल असं शब्दांचं गणगोत. तिथलेच प्रा. गणेश रामकृष्णन यांनी २०२१ मध्ये 'उडान' नावाचा प्रकल्प जाहीर केला. इंजिनिअरिंगची इंग्रजी पुस्तकं हिंदी आणि इतर भारतीय भाषांत आणायची. आधी पारिभाषिक शब्दांचे कोश मशीनला द्यायचे, मशीनने कच्चं भाषांतर करायचं, मग माणसाने बसून ते सुधारायचं. म्हणजे मूलकाचा कट्टरपंथी होणार नाही. २०२२ पासून केंद्र सरकारचं 'भाषिणी' आहे, त्यात तुम्ही-आम्ही आपला आवाज दान करू शकतो. रक्तदानासारखं भाषादान!

मी उत्साहाने वहिनीला म्हटलं, चल, तुझा आवाज देऊ. आणि तिथे अडलो. कारण भाषिणीचा भर राज्यघटनेच्या परिशिष्टातल्या २२ भाषांवर. त्यात मराठी आहे, अहिराणी नाही. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली अठरा लाखांवर लोकांची नोंद आहे, त्यात बहुतेक अहिराणीच बोलणारे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ग्रियर्सन साहेबाने आपल्या भाषांची पाहणी केली, त्यात आपल्या खानदेशीला जागा दिली, तिच्या व्याकरणाचे नमुने छापले. शेजारच्या भिली भाषेसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं, आनंदच आहे. पण अहिराणी ना परिशिष्टात, ना आदिवासींच्या यादीत. घरातल्या मधल्या मुलीसारखी. थोरलीला मान, धाकटीचे लाड, आणि ही आपली पाणी भरते आहे!

आमच्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. असोद्याची ही माउली, १८८० ची, अक्षर एक ओळखत नव्हती. शेतात, घरात कामं करता करता रचत गेली. तिच्या लेकाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी ते ऐकून लिहून ठेवलं. ती १९५१ मध्ये गेली, आचार्य अत्र्यांनी ते कागद पाहिले आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. त्या दोघांनी लिहून ठेवलं नसतं तर विद्यापीठाला दुसरंच कोणाचं तरी नाव असतं. हे मी भाचीला सांगितलं, आणि म्हटलं, तुझ्या आईला तू सांग, आईच्या बोलीत, आणि मी ते फोनमध्ये रेकॉर्ड करते. मग बघू कोणाला दान करायचं ते.

तिला तयारीला आठ दिवस लागले. एम.एस्सी.च्या सेमिनारला लागले नसतील इतके! पहिल्यांदा मराठीत जुळवलं, मग त्याची अहिराणी केली. शेवटी चूल-पोळपाटच उपयोगी पडलं.

"माय, प्लास्टिक म्हंजे शेवयास्ना गुंता शे," अशी तिने सुरुवात केली. पुढचं मी तुम्हाला मराठीत सांगते. शेवया लांब असतात तोवर त्या एकमेकींत गुंततात, उचलल्या तर सगळा गुंता एकदम उचलला जातो. चटईची काडी असते पॉलिप्रोपिलीनची. तिच्यात असेच लाखो लांब धागे, डोळ्याला न दिसणारे, एकमेकांत अडकलेले. चटई ओढली तरी तुटत नाही ती त्या गुंत्यामुळे. पण या धाग्यावर ठरावीक अंतराने एक नाजूक जागा असते. उन्हातले जांभळ्यापलीकडचे किरण, ते डोळ्याला दिसत नाहीत, त्या नाजूक जागी घाव घालतात. तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि धागा तुटतो. तुटलेलं टोक मोकाट सुटतं, तेच ते मुक्त मूलक, आणि ते शेजारच्या धाग्याला बिघडवतं. एक सडका आंबा अढी नासवतो ना, तसं. होता होता लांब शेवयांचा चुरा होतो. चुऱ्याला कसला गुंता? हात लावला की भुगा.

वहिनीने लगेच विचारलं, मग कारखान्यातली काही चटई चार वर्षं टिकते, काही दोनच, ते का? बघा, वीस वर्षं चटया हाताळलेली बाई, प्रश्न विचारणार तर असाच! भाचीकडे उत्तर होतं. जुनं प्लास्टिक वितळवून त्याचा पुन्हा दाणा करतात. दर वेळी वितळताना उष्णतेने आणि मळताना होणाऱ्या ओढाताणीने काही धागे तुटतात. तेव्हा जुना दाणा जितका जास्त वेळा वितळलेला, तितक्या शेवया आखूड. शिवाय उन्हापासून वाचवणारं औषध मिसळायचं असतं, ते किती घातलं त्यावरही आयुष्य ठरतं. वहिनी म्हणाली, मला रंगावरून आणि वाकवून बघितल्यावर कळतं कोणती टिकेल ते. भाचीने वही काढली आणि आईला विचारलं, कसं कळतं? त्या दिवशी पहिल्यांदा मी पाहिलं, लेक आईकडून केमिस्ट्री लिहून घेत होती.

अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांची आई शिवणकाम करायची, लहानपणी यांनाही कापडांचा, कपडे शिवण्याचा फार नाद. पुढे रसायनशास्त्रज्ञ झाल्या आणि १९६५ मध्ये त्यांच्या हाती एक गढूळ, पातळ द्रावण आलं. कताईच्या यंत्राची छिद्रं बुजतील म्हणून ते कातायलाही सहकारी आधी तयार नव्हता. कातलं, तर वजनाच्या मानाने पोलादाहून मजबूत धागा निघाला. तोच केवलार, बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटातला. हा किस्सा भाचीने काठाची पट्टी शिवणाऱ्या आईला मशीनजवळ बसून सांगितला. वहिनीने दोरा तोडला आणि म्हणाली, तिच्या मायला पण नगावरच पैसे मिळत असतील.

आणि हो, बिबड्यांचं. आमच्या आज्या सुती धोतरावर बिबड्या घालायच्या, सोडवताना मागून पाण्याचा हात लावायचा. कापूसही बहुवारिकच आहे, निसर्गाने केलेलं, आणि ज्वारीच्या घाट्यातलं पिष्टही. घाटा शिजताना ते पाणी पिऊन फुगतं, धागे सुटे होतात, म्हणून तर चकाकतो आणि चिकट होतो. वहिनीने त्या मे महिन्यातच चटई काढून टाकली. आता खाटेवर दुहेरी धोतर. पोटात प्लास्टिक नको, एवढं कळायला काही एम.एस्सी. लागत नाही.

ते रेकॉर्डिंग तीन-चार मिनिटांचं झालं. धुळ्याकडच्या आमच्या बचत गटाच्या बायकांना मी ते पाठवलं. शेतकरी बायका त्या, बऱ्याच जणींना वाचता येत नाही, ऐकता मात्र सगळ्यांना येतं. दुसऱ्या दिवशी एकीचा आवाज आला. आमच्या कपाशीत ठिबकची नळी आहे, ती पण प्लास्टिकचीच, वर्षानुवर्षं उन्हात पडून असते, मग तिचा भुगा का होत नाही? आणि ती काळीच का असते?

ठिबकच्या गावात राहणारी मी. भवरलाल जैनांनी जळगावातून ठिबक देशभर नेलं हे अभिमानाने सांगणारी. पण नळी काळी का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भाची खूश! तिने लगेच दुसरं रेकॉर्डिंग केलं. त्या नळीच्या प्लास्टिकमध्ये अगदी बारीक काजळी मिसळलेली असते, शंभर भागांत दोन-अडीच भाग. ऊन आधी ती काजळी पिते, धाग्यांपर्यंत पोचूच देत नाही.

वहिनी शेजारी पट्टी शिवत बसली होती. मशीन न थांबवता म्हणाली, "म्हंजे पाइपले बी नजर लागू नही म्हनीसन काजय लावतस!"

भाचीने ते वाक्य बोलून फोनमध्ये लिहवून घ्यायचा प्रयत्न केला. फोनने 'काजय'चं 'काजू' केलं. तिने ते खोडलं आणि वहीत हाताने लिहिलं.